रांग एकोणीस, आसन बावीस ते सव्वीस

जगातली निम्मीअधिक दुःखं चुकीच्या जागी बसल्यामुळे निर्माण झालेली आहेत. सिनेमाला गेलं की पुढं उंच माणूस, कचेरीत डोक्यावर न फिरणारा पंखा, बैठकीत नेमकी साहेबांच्या नजरेसमोरची खुर्ची, दंतवैद्याकडे दाराला लागून असलेला बाक (तिथून आतलं सगळं ऐकू येतं). नीट तपासलं तर प्रत्येक दुःखाखाली एक आसन सापडतं. माणसं उगाच नशिबाला बोल लावतात. वास्तविक बसण्यापूर्वी त्यांनी पुरेसा विचार केलेला नसतो.

आमच्या भाऊजींनी तो केला, त्याची ही हकीकत.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. बस आगाराच्या वेळापत्रक विभागात त्यांनी एकतीस वर्षं काढली. त्यांनी आखलेल्या वेळापत्रकात उभ्या कारकिर्दीत एकही चूक निघाली नाही. चुका निघत त्या बसगाड्यांत. तीन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले आणि तेव्हापासून घर वेळेवर चालू लागलं. स्वयंपाकघराच्या दाराआड एक तक्ता आहे, त्यात 'दूध उतू जाणे (संभाव्य) : सहा चाळीस' अशीही नोंद आहे. दूध कधीकधी सहा पस्तीसलाच उतू जातं. तो दुधाचा दोष.

मी ताईचा धाकटा भाऊ. छापखान्यात मुद्रितं तपासतो आणि त्यांच्याच इमारतीत एक मजला खाली राहतो. त्यामुळे भाऊजींनी हाती घेतलेल्या प्रत्येक कामाचा चिटणीस मीच असतो. माझी कुणी नेमणूक केल्याचं आठवत नाही. पण राजीनामा द्यायचा तर तो कुणाकडे द्यायचा, हेही मला माहीत नाही.

ताई मोठ्या रुग्णालयात हाडांच्या वॉर्डाची मुख्य सिस्टर आहे. अठ्ठावीस वर्षांत वॉर्डाबाहेरच्या कुठल्याच गोष्टीचं तिला कुतूहल वाटलं नव्हतं. मग एके दिवशी शहराच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर डाव्या हाताची करंगळी मोडून तिच्या वॉर्डात आला. सहा फूट दोन इंच उंच, खांदे दाराएवढे. सुई बघताच त्यानं डोळे घट्ट मिटले आणि 'आई गं, आई गं' सुरू केलं. शेजारच्या खाटेवर दोन्ही पाय प्लास्टरमध्ये असलेले एक निवृत्त मास्तर होते, त्यांनी त्याला धीर दिला. चार दिवस हाच प्रकार. पाचव्या दिवशी तो घरी गेला आणि महिन्याभरानं ताईनं वर्तमानपत्रात वाचलं, की हाच माणूस समोरून येणाऱ्याच्या बुटांवर झेप घेऊन चेंडू काढतो आणि त्याला भीती म्हणजे काय ते ठाऊक नाही. तिथंच खाली लिहिलं होतं, की हा त्याचा शेवटचा मोसम. घरच्या मैदानावर सात सामने उरले होते.

जेवताना ताई म्हणाली, "मला एकदा त्याला खेळताना बघायचंय."

लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण ताईनं स्वतःहून काही बघायचं म्हटल्याची ही पहिलीच वेळ. एखादा अविचारी नवरा असता तर पुढच्याच रविवारी तिला घेऊन गेला असता आणि जिथं जागा मिळेल तिथं बसवून मोकळा झाला असता. भाऊजींचं तिच्यावर खरोखर प्रेम आहे. त्यांनी कोरा कागद घेतला.

पहिला सामना उद्दिष्ट ठरवण्यात गेला. स्टेडियमला जायचं म्हणजे नेमकं काय करायचं, यावर रविवारी दुपारी त्यांच्या बैठकीच्या खोलीत चर्चा झाली. हजर पाच जण : भाऊजी, ताई, त्यांची मुलगी म्हणजे माझी भाची (ती चष्म्याच्या दुकानात नजर तपासते), भाऊजींचे थोरले बंधू आणि मी. थोरल्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण शेजारच्याच गल्लीत राहत असल्यानं बैठकीचा वास त्यांना येतो. प्रत्येकानं आपापल्या अटी लेखी द्याव्यात असं ठरलं. थोरल्यांची अट एकच : स्वच्छतागृह साठ पावलांच्या आत हवं. कारण त्यांनी सांगितलं नाही आणि त्यांच्या वयाच्या माणसाला ते विचारतही नाहीत. भाचीची अट, की तिची जागा थोरल्यांशेजारी नको, कारण समोर जे दिसतंय तेच ते सांगत बसतात. माझे पाय लांब असल्यानं मला कडेची जागा हवी होती. भाऊजींच्या स्वतःच्या अटी चौदा निघाल्या. त्यांत ऊन, वारा, खांब, कबुतरं आणि 'मागे बसणाऱ्याचे गुडघे' यांचा समावेश होता. ताई म्हणाली, "गोलकीपर दिसला म्हणजे झालं." ते मी 'इतर' या सदरात लिहून घेतलं.

दुसऱ्या सामन्याच्या आठवड्यात जागेची पाहणी झाली. भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून, वही आणि मोजपट्टी घेऊन एका बुधवारी रिकाम्या स्टेडियमवर गेले. सोबत मी होतोच. फाटकावरच्या दरवानाला वाटलं, हे वरून तपासणीला आलेले साहेब. भाऊजी खोटं काहीच बोलले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "या पायरीला ही भेग कधीपासून आहे?" दरवान दोन पावलं मागं सरला आणि आत जाऊन खुर्ची घेऊन आला. खुर्ची बाजूला ठेवून भाऊजी त्या दिवशी एकूण एकेचाळीस आसनांवर प्रत्येकी दोन मिनिटं बसले. बारा आसनं डगमगत होती, सात ठिकाणी खांब आड येत होता आणि नऊ ठिकाणी वर कबुतरं बसत असल्याचा पुरावा खाली होता. पुढच्या आठवड्यात ती पायरी सिमेंट लावून दुरुस्त झाली आणि छताखाली जाळी बसली. आमच्या भाऊजींमुळे शहरातल्या वीस हजार प्रेक्षकांची सोय झाली. सामना बघायला त्यांनी जावं, एवढंच राहिलं होतं.

तिसरा सामना उन्हानं खाल्ला. पाहणीच्या दिवशी चार वाजता ऊन कुठल्या रांगेपर्यंत येतं ते भाऊजींनी टिपून ठेवलं होतं, पण सूर्य एका जागी थांबत नाही. दर आठवड्याला तो थोडा सरकतो, म्हणजे तीन आठवड्यांपूर्वीचं निरीक्षण बाद. भाऊजींनी पुन्हा जाऊन टिपलं. तोवर पुन्हा दोन आठवडे गेले. वेळेवर न येणाऱ्या बसगाड्यांशी एकतीस वर्षं दोन हात केलेला माणूस सूर्याला घाबरत नाही. त्यांनी मोसम संपेपर्यंतचा उन्हाचा तक्ता काढला. मी तो तपासला, त्यात एकही चूक नव्हती.

या काळात ताई रोज रात्री ताट वाढताना विचारायची, "आता किती राहिले?" भाऊजी सांगायचे, "चार." ती सामन्यांबद्दल विचारत होती आणि ते ठरवायच्या राहिलेल्या मुद्द्यांबद्दल सांगत होते. दोन्ही आकडे जुळत असल्यानं कुणाच्या काही लक्षात आलं नाही. बऱ्याच घरांतली शांतता अशाच एखाद्या आकड्यावर टिकून असते.

चौथ्या सामन्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, रंगीत तालीम झाली. एवढं मोठं काम तालमीशिवाय करणं भाऊजींना पटत नव्हतं. आम्ही पाचही जण ठरल्या वेळी घरातून निघालो, ठरल्या बसनं गेलो आणि दरवानानं सलाम करून फाटक उघडलं. रिकाम्या स्टेडियममध्ये, रिकाम्या मैदानासमोर आम्ही चार वाजल्यापासून पंचेचाळीस मिनिटं बसलो. मग मध्यंतर झालं. थोरले स्वच्छतागृहात जाऊन आले (अठ्ठावन्न पावलं, भाऊजींचा चेहरा उजळला). आम्ही सँडविच खाल्ले, चहा घेतला आणि पुन्हा पंचेचाळीस मिनिटं बसलो. खाली एक माणूस चुन्यानं रेघा मारत होता. थोरले भाचीला सांगत होते, की तो आता डावीकडे वळला. ताई मात्र सगळा वेळ उजवीकडच्या रिकाम्या गोलकडे बघत होती.

तालीम इतकी यशस्वी झाली की परतताना थोरल्यांनी सूचना मांडली : दिसायचं ते सगळं छान दिसलं, गर्दी नाही, ऊन नाही, प्रत्यक्ष सामन्याची खरंच गरज आहे का, याचा विचार व्हावा. सूचना एक विरुद्ध एक मतांनी बारगळली. (बाकी तिघे बसमध्ये झोपले होते.) दुसऱ्या दिवशी खरा सामना होता, पण आदल्या दिवशीच्या दगदगीनं कुणाचेच पाय उचलेनात.

पाचवा सामना सर्वांच्या अटी एकत्र बसवण्यात गेला, आणि सहाव्यासाठी भाऊजी तिकीटखिडकीवर गेले. खिडकीत एक बाई होत्या. भाऊजींनी त्यांना आसनांच्या नकाशावर अकरा प्रश्न विचारले. मागं रांग वाढत गेली. अकराव्या प्रश्नानंतर बाईंनी चष्मा काढून विचारलं, "साहेब, सामना बघायचाय की घर घ्यायचंय?" भाऊजींनी शांतपणे सांगितलं, की घर घेताना त्यांनी एवढा विचार केला नव्हता, म्हणूनच आता करतायत. त्यांना हवी होती ती आसनं त्या सामन्यासाठी विकली गेली होती. दुसरी बरीच होती. पण सतरा अटींपैकी सोळाच पूर्ण करणाऱ्या जागेवर बायकोला बसवायचं, हे त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी सातव्या, म्हणजे शेवटच्या सामन्याची तिकिटं घेतली. मुख्य गॅलरी, रांग एकोणीस, आसन बावीस ते सव्वीस.

या आसनांबद्दल थोडं सांगायला हवं. ती मैदानाच्या बरोबर मधोमध होती. मध्यंतरानंतर गोलकीपर बाजू बदलतो, हे भाऊजींनी पुस्तकात वाचलं होतं. एका बाजूला बसलं तर अर्धा सामना तो जवळ आणि अर्धा सामना लांब. हा अन्याय झाला. मधोमध बसलं म्हणजे तो दोन्ही अर्धांत सारखाच दिसणार. भाचीनं तिच्या धंद्याच्या हिशेबानं सांगितलं, की सत्तर मीटरवरून त्या माणसाचं नाक नजर तपासायच्या तक्त्यातल्या शेवटच्या ओळीतल्या अक्षराएवढं दिसेल आणि ती ओळ आईला चष्मा लावूनही वाचता येत नाही. भाऊजींनी ते लक्षपूर्वक ऐकलं आणि म्हणाले, "पण दोन्ही अर्धांत सारखाच."

शेवटच्या सामन्यासाठी ताईनं ड्यूटी बदलून घेतली. त्या बदल्यात ती दुसऱ्या सिस्टरच्या सलग तीन रात्री करणार होती, हे आम्हाला नंतर कळलं. सामना चारचा, आम्ही अकरा चाळीसला घर सोडलं. पोचलो तेव्हा फाटक बंद होतं आणि दरवान जेवत होता. फाटक उघडल्यावर सगळ्यात आधी आत गेलेले पाच प्रेक्षक आम्हीच. सगळं ठरल्याप्रमाणे झालं. ऊन सतराव्या रांगेपर्यंत येऊन थांबलं, जणू त्यानं तक्ता वाचला होता. कबुतरं जाळीबाहेर. मागच्या माणसाचे गुडघे आखूड. भाऊजींनी वहीत एकेका अटीपुढं बरोबरची खूण केली आणि अशा समाधानानं मागं टेकले, जे मी त्यांच्या चेहऱ्यावर निवृत्तीच्या समारंभातही पाहिलं नव्हतं.

पहिल्या अर्धात ताईला एक पिवळा ठिपका दिसला. तो कधी डावीकडे जाई, कधी उजवीकडे. लोक ओरडले की ती विचारायची, काय झालं. आणि थोरले सांगायचे, की लोक ओरडले.

मध्यंतर झालं. थोरले पावलं मोजत गेले. भाऊजींनी सँडविचचा डबा उघडला. ताईनं आपली पर्स माझ्या मांडीवर ठेवली आणि उभी राहिली.

"मी जरा पुढं जाऊन येते," ती म्हणाली.

भाऊजींनी वहीत बघितलं. मध्यंतराच्या रकान्यात तसं काही नव्हतं. "कुठं?"

"गोलमागं. आता तो उजवीकडे येणार ना?"

"तिथं बसायला जागा नाही."

"उभी राहीन. बारा-बारा तास उभीच असते मी."

ती पायऱ्या उतरून गेली. भाऊजींनी सँडविचचा डबा बंद केला. मग त्यांनी मला जादा छत्री दिली आणि तिच्यामागं पाठवलं. ऊन नव्हतं, पाऊसही नव्हता. मला वाटतं, त्यांना काहीतरी पाठवायचं होतं आणि हाताशी तेवढंच होतं.

आमच्या तिकिटावर गोलमागं जाता येत नव्हतं, पण मधल्या दारावर आमचा दरवान होता. साहेबांच्या बाईंना बघताच त्यानं दार उघडलं. तिथं बाकं नव्हती, नुसता कठडा होता, आणि त्याला चिकटून घामेजलेली, घसा बसलेली माणसं. त्यांनी ताईला बघून वाट दिली. वॉर्डात फिरताना तिच्या चालण्यात जे असतं तेच तिथंही असावं, कारण धिप्पाड माणसं काही न विचारता बाजूला झाली. ती कठड्याशी जाऊन उभी राहिली. गोलकीपर आमच्यापासून दहा पावलांवर होता, आमच्याकडे पाठ करून.

आणि मग आम्हाला ऐकू आलं. समोरून कुणी चेंडू घेऊन धावत आलं की तो पुटपुटायचा, 'आई गं, आई गं', आणि पुटपुटतच त्या बुटांवर झेप घ्यायचा. वर्तमानपत्रवाले कधी एवढ्या जवळ उभे राहिले नसावेत. ताईनं दोन्ही हातांनी कठडा धरला होता. ती हसत होती आणि तिचे डोळे भरले होते. त्या वीस हजारांत हे दोन्ही एकदम का, ते कळेल असा माणूस मी एकटाच, आणि माझ्या हातात छत्री.

एकदा चेंडू बाहेर गेला तेव्हा गोलकीपर तो आणायला मागं वळला आणि त्यानं तिला ओळखलं. क्षणभर तो शाळेत पकडल्यासारखा उभा राहिला. मग हातमोजा काढून त्यानं डावी करंगळी तिला दाखवली.

"सिस्टर, दुखत नाही आता."

ताईनं दहा पावलांवरून ती करंगळी तपासली. "खोटं बोलू नकोस," ती म्हणाली. "वाकडी जुळलीय. मंगळवारी ये."

त्यानं मान डोलावली, मोजा चढवला आणि जागेवर गेला. त्यानंतर पंचांनी शिट्टी वाजवून चेंडू नेमका त्याच्यासमोर बारा पावलांवर ठेवला. पेनल्टी : एक मारणारा, समोर हा एकटा, मध्ये कुणी नाही. त्यानं झेप घेतली. पुढचं मला दिसलं नाही, कारण माझ्या पुढच्या माणसानं दोन्ही हात वर केले. ताईला दिसलं. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी चाळीस वर्षांत ऐकला नव्हता आणि तो आमच्या घराण्यातला आहे असंही वाटलं नसतं.

सामना संपल्यावर मुख्य गॅलरीतले तिघे योजनेप्रमाणे अकरा मिनिटांत बाहेर पडले. आम्ही पस्तीस मिनिटांनी पोचलो. ठरलेली बस निघून गेली होती. भाऊजींच्या आयुष्यात चुकलेली ही पहिली बस. तेही बसनं नव्हे, त्यांनी चुकवलेली. ते फाटकाशी उभे होते. भाची मला हळूच म्हणाली, की दुसरा अर्धा बाबांनी मैदानाकडे बघितलंच नाही. ते आईच्या रिकाम्या आसनावर हात ठेवून बसले होते, कुणी येऊन बसू नये म्हणून.

ताईचा आवाज पार बसला होता. भाऊजींनी तिला विचारलं, "तिथून नीट दिसलं का?"

"नीट नाही," ताई म्हणाली. "जवळून दिसलं."

पुढच्या बसला वीस मिनिटं होती. भाऊजींनी वही काढली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'एक आसन पंचेचाळीस मिनिटे रिकामे.' त्यापुढं आणखी काही लिहायला त्यांनी पेन्सिल टेकवली. बस येईपर्यंत ती तिथंच टेकलेली होती. मग वही मिटून त्यांनी ताईची पर्स माझ्याकडून घेतली आणि घर येईपर्यंत स्वतःच धरली.

या अनुभवातून भाऊजींनी धडा घेतलेला आहे. चूक जागा निवडण्यात नव्हती, बसण्यात होती. पुढच्या मोसमासाठी त्यांनी गोलमागच्या कठड्याचा आराखडा करायला घेतलाय. कठडा चौतीस पावलांचा आहे, त्यात उभं राहण्याच्या अठ्ठावन्न जागा निघतात आणि त्यांतल्या एकोणीस ठिकाणी जाळीची गाठ नेमकी डोळ्यासमोर येते. गोलकीपर निवृत्त झाला आहे, ही बाब अभ्यासाच्या आड येण्याचं कारण नाही. पहिली बैठक येत्या रविवारी सकाळी दहाला. ताईची तेव्हा ड्यूटी आहे आणि तिनं ती बदलून घेतलेली नाही.

आता एक खुलासा. हा सामना कुणाशी होता आणि किती-कितीनं सुटला, हे मी कुठंही सांगितलेलं नाही. ते नजरचुकीनं राहिलेलं नाही. मुद्रितं तपासणाऱ्याच्या हातून असं सहसा राहत नाही. कुणी विचारेल म्हणून मी थांबलो होतो. पण ऊन कुठवर आलं, कबुतरं आत शिरली का, साठ पावलांची अठ्ठावन्न झाली का, हे तुम्ही इतकं मन लावून वाचत होतात, की मध्येच सामन्याचा विषय काढणं मला बरं दिसेना.

भाऊजींना अशीच माणसं हवी असतात. रविवारी एक खुर्ची जास्त मांडून ठेवतो. अटी लेखी आणाव्यात.